बांधावरचे घारपुरे

"पुण्याभोवती पन्नास किलोमीटरच्या आत जे आहे, ते जगात कुठेही नाही!" असं गोपाळकृष्ण घारपुरे यांनी श्रावणातल्या एका दुपारी जाहीर केलं. ऐकायला घरात फक्त वासंतीबाई होत्या आणि त्या घेवडा मोडत होत्या.

"पश्चिमेला जा, छत्री टिकत नाही. पूर्वेला जा, टँकर लागतो. मधे डोंगर, देवराया, लेणी, धनगरांची देवळं, दर दहा मैलांवर बोलीचा हेल वेगळा! असल्या मुलखात विशेष रुचीचे पर्यटक नाही येणार तर कुठे येणार?"

"विशेष रुचीचे म्हणजे?"

"साधा पर्यटक गडावर जातो आणि भजी खातो. विशेष रुचीचा पर्यटक भजी गार होऊ देतो आणि दगडाकडे बघत बसतो."

"मग त्याला दगडच द्या. तेल महाग झालंय," वासंतीबाई म्हणाल्या आणि घेवडा घेऊन आत गेल्या.

घारपुरे विमा कचेरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ही दोन वर्षं त्यांनी सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, दिवाणावर काढली होती. वासंतीबाई पेटी शिकवायच्या. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी सात मुली यायच्या, आणि हॉलमध्ये घारपुरे घोरत असल्यामुळे त्या सात जणी बेडरूममधल्या पलंगावर दाटीवाटीने बसून सारेगम वाजवायच्या. गेल्या महिन्यात पलंगाची एक फळी तुटली होती. तेव्हापासून वासंतीबाईंचा हॉलवर डोळा होता.

"हॉल देता येणार नाही," घारपुऱ्यांनी सांगितलं. "तिथे माझं कार्यालय होणार आहे. 'विशेष रुची सहली'!"

"ठीक आहे. एक सहल नीट करून दाखवा. आलेली माणसं पुन्हा यायला तयार झाली तर हॉल तुमचा. नाही झाली तर दिवाण बाल्कनीत."

"मान्य!"

पुढे ही हकीकत स्वतःच सांगताना घारपुरे इथे थांबायचे आणि म्हणायचे, "शहाणा माणूस असता तर त्याने तेव्हाच दिवाण उचलायला सुरुवात केली असती."

पण शहाणपण बाजूला ठेवून त्यांनी जाहिरात दिली, आणि नवल म्हणजे तीन माणसं आली! पहिल्या नागपूरच्या द्वारकाताई. जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या, एवढाच त्यांना छंद. दुसरा इंद्रजीत. हिंजवडीत नोकरी, पण जीव वीरगळांत, म्हणजे जुन्या काळी लढाईत पडलेल्या वीरांसाठी कोरलेल्या दगडांत. तिसरी स्वराली. तिला फक्त गोगलगायी हव्या होत्या.

"गोगलगायी? म्हणजे बाकी काही नको?" घारपुऱ्यांनी फोनवर विचारलं होतं.

"नको. काका, पुण्याच्या परिसरात त्यांचे किती प्रकार आहेत, माहितीये?"

"म्हणजे काय! चांगलेच माहितीयेत!" घारपुरे म्हणाले. त्यांना दोन माहीत होते. एक मोठी आणि एक लहान.

तिघांच्या तीन तऱ्हा एकाच सहलीत बसवायच्या तर गाव कुठलं? घारपुऱ्यांनी क्षणात ठरवलं, माळखोपी! कात्रजचा घाट ओलांडला की आत डोंगराच्या कुशीत. हल्लीच शहराच्या हद्दीत आलेलं, पण म्हशींना अजून कुणी तसं कळवलेलं नव्हतं. या गावाची घारपुऱ्यांना खडान्‌खडा माहिती होती. कारण पंचवीस वर्षांपूर्वी एका म्हशीच्या विम्याचा दावा तपासायला ते तिथे गेले होते आणि पावणेदोन तास थांबले होते.

भाद्रपदातल्या एका रविवारी भाड्याची गाडी माळखोपीत पोचली. सुरुवात तर झकास झाली! भैरू नावाच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर त्याची आई तुळजाबाई बसल्या होत्या. द्वारकाताईंनी ओव्यांचं नाव काढताच म्हातारीने पदर खोचला आणि सूर लावला. भैरूची सून तेजस्विनी एमबीए झालेली. तिने चहा आणला आणि बसल्या बसल्या सगळ्यांची चौकशीही केली. द्वारकाताई पहिल्या पाच मिनिटांतच डोळे पुसायला लागल्या. एक गिऱ्हाईक खूश! घारपुऱ्यांना हॉलमध्ये लावायची पाटीसुद्धा दिसायला लागली.

उरलेल्या दोघांना घेऊन ते शेतात निघाले. हिरवंगार गवत, ओला बांध, आणि बांधावर अर्धा मातीत रुतलेला एक लांबट, सपाट दगड.

"काका!" इंद्रजीत ओरडला. "पालथा पडलाय हा! खालच्या अंगाला कोरीव काम असणार!"

"आणि असल्या दगडाखालीच गोगलगायी असतात," स्वराली म्हणाली. तिने फोन काढला, जागेची नोंद केली, दगडाशेजारी सहा इंची पट्टी ठेवून फोटो घेतला.

एका दगडात दोन गिऱ्हाइकं! घारपुऱ्यांच्या अंगात वीरश्री संचारली. "बाजूला व्हा!" ते म्हणाले, आणि बांधावर वाकून दोन्ही हातांनी तो दगड उचकटून त्यांनी उलटा केला.

आता हे घारपुरे कोण? पार्किंगमधली पिवळी रेघ शेजाऱ्यांनी चार बोटं सरकवली म्हणून सोसायटीच्या सभेत अकरा महिने भांडलेले गृहस्थ! पण दोन शेतांमधल्या बांधावर रोवलेला दगड कशासाठी असतो, हा विचार त्या माणसाच्या डोक्याला शिवला नाही. जमीन म्हणजे सहाशे चाळीस चौरस फूट आणि तिसरा मजला, एवढीच त्यांची समजूत होती.

दगड उलटला आणि दोन दिशांनी दोन आरोळ्या उठल्या.

"ए ऽ ऽ! कोन हाय त्यो? हात काढ आदी!" इकडून भैरू.

"भैऱ्या, माणसं लावून दगड हलवतोस व्हय रं!" तिकडून त्याचा चुलतभाऊ धोंडिबा.

दोघे बांधाच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. वडिलांच्या वाटणीपासून तीस वर्षं या दगडावरून त्यांच्यात वितुष्ट होतं. दगड ही हद्द होती. आणि ती हद्द आत्ता घारपुऱ्यांच्या पायाशी उताणी पडली होती.

"मी माणसं लावली? तूच आनलीस ही मोजनीवाली!" भैरू म्हणाला.

"गैरसमज होतोय आपला," घारपुरे शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले. "आम्ही मोजणीवाले नाही. आम्ही पर्यटक आहोत."

"हितं? हितं बगायला काय हाय?"

घारपुऱ्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं गेले दोन महिने वाटत होतं. ते खाकरले. "असं कसं म्हणता! निसर्ग आणि संस्कृती यांचं इतकं वैविध्य असलेला हा आपला मुलूख! ही बघा स्वराली. ही खास गोगलगायी बघायला आली आहे."

दोघा भावांनी स्वरालीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं दिसलं.

"गोगलगाय बगायला, गाडी करून?" धोंडिबा म्हणाला. "आमाला काय खुळं समजता?"

"आन ह्या पोरीच्या फोनमदी नकाशा कशापायी?" भैरूने बोट दाखवलं. "पट्टी ठेवून फोटू कशापायी? बिल्डरनं धाडलंय ह्यास्नी!"

आजूबाजूच्या शेतांतून माणसं यायला लागली. घारपुरे घाईघाईने म्हणाले, "अहो, दगड जिथे होता तिथे परत ठेवतो! त्यात काय एवढं!" पण कुठे होता? घारपुऱ्यांनी इकडे धरला की धोंडिबा गरजे, तिकडे धरला की भैरू गरजे.

"फोटो आहे माझ्याकडे," स्वराली म्हणाली. ती एवढा वेळ उकिडवी बसून माती निरखत होती. "पण गंमतच आहे. इतक्या वर्षांच्या दगडाखाली गोगलगायींचं गाव वसलेलं असायला हवं. इथे एक शंखसुद्धा नाही. आणि गवत बघा ना. या बाजूलाही पिवळं पडलंय, त्याही बाजूला पडलंय. हा दगड सारखा हलतोय. एकदा इकडे, एकदा तिकडे. दर पंधरा दिवसांनी तरी नक्कीच!"

भैरू धोतराचा सोगा झटकायला लागला. धोंडिबाने आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस येईलसं वाटतं, असं काहीतरी पुटपुटला. जमलेली माणसं आधी गालात हसली, मग उघड हसली. तीस वर्षं दोघे भाऊ गुपचूप दगड सरकवत होते, आणि तीस वर्षांत तो दगड होता तिथेच होता!

आता मिटलं, असं वाटून घारपुऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात ओव्या अर्ध्यात सोडून तुळजाबाई तिथे पोचल्या. त्यांनी उताण्या दगडाकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"आगं बया! ह्यो तर माजा पाटा!"

इंद्रजीत खाली वाकला. दगडावर टाकीचे ठोके होते खरे, पण ते वीराचे नव्हते. मसाला वाटायचा पाटा होता तो!

"माज्या आईनं दिल्याला. वाटनीच्या वर्षी गेला. मी समद्या गावावर आळ घेतला, जावंशी बोलनं टाकलं, ती बिचारी तशीच मरून गेली... आन माज्याच नवऱ्यानं आन दिरानं हितं गाडला व्हय!" म्हातारीचा आवाज फुटला. कुणीच हसलं नाही. आपण काहीतरी चांगलं केलं की वाईट केलं, हे घारपुऱ्यांना ठरवता येईना.

तुळजाबाईंनी डोळे पुसले. "उचला रं. घरात न्या माजा पाटा."

"आये, मग हद्द?" भैरू केविलवाणा होऊन म्हणाला.

"नवा दगड आना."

धोंडिबाने खाणीवरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. नवा दगड टेम्पोतून यायला चार वाजणार होते. आत्ता वाजला होता एक. तीन तास हद्द मोकळी ठेवायची? फोटो होता, नोंद होती, पण भैरूचा फोनवर विश्वास नव्हता आणि धोंडिबाचा भैरूवर नव्हता. खुंटी ठोकू म्हटलं तर खुंटी काय, कुणीही उपटेल!

"ज्यानं दगड हलवला त्योच हुबा ऱ्हाईल," तुळजाबाईंनी निकाल दिला. "काय वो पावनं? कुटलं तुमी?"

"सदाशिव पेठ," घारपुरे क्षीण आवाजात म्हणाले.

"मंग झ्याक," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "पेठंतला मानूस हाय. एकदा म्हनला न्हाई हलनार, की न्हाई हलत!"

स्वरालीने फोटो बघून जागा दाखवली, आणि गोपाळकृष्ण घारपुरे, निवृत्त सहायक प्रशासकीय अधिकारी, हद्दीचा दगड म्हणून बांधावर उभे राहिले. चपलांना पट्टी लावून फोटोही काढला गेला.

एक ते चार! ज्या वेळात त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत सुटीच्या दिवशी कुणालाही दार उघडलं नव्हतं, त्या वेळात ते उन्हात उभ्याने डुलक्या घेत होते. ओसरीवरून पिठल्याचा वास येत होता. बाकीची मंडळी जेवायला बसली होती, आणि तेजस्विनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. अर्ध्या तासाने भैरू चहा घेऊन आला आणि कप बरोबर हातभर लांब धरून उभा राहिला.

"घ्या की वो. असं जरा फुडं या."

"हलणार नाही," घारपुरे म्हणाले. वास्तविक चहासाठी त्यांचा जीव जात होता.

मग धोंडिबाने खुर्ची आणली आणि ती चार बोटं आपल्या सोयीच्या बाजूला मांडली. "बसा काका. वय झालंय तुमचं."

"हलणार नाही!"

आयुष्यात एवढ्या निष्ठेने आपण कचेरीत एक दिवस जरी काम केलं असतं तर बढती मिळाली असती, असं त्यांच्या मनात आलं.

चार वाजून दहा मिनिटांनी नवा दगड आला. त्यांच्या चपलांच्या जागी तो रोवला गेला, वर चुना फासला गेला. दोघे भाऊ एकाच तांब्यातून पाणी प्यायले. घारपुरे पाय ओढत गाडीत बसले, पण मनातून ते खूश होते. गाडीत तिघेही नुसते भारावून बोलत होते! बत्तीस ओव्या मिळाल्या होत्या, ओढ्याकाठी गोगलगायींचे नऊ प्रकार सापडले होते, आणि देवळामागे खराखुरा वीरगळ निघाला होता.

"पुन्हा याल ना?" घारपुऱ्यांनी हळूच विचारलं.

"म्हणजे काय, काका! पुढच्याच महिन्यात!"

जिंकलो! रात्रीच्या जेवणाला दिवसभराची हकीकत सांगून घारपुरे ताठ बसले. "तयार आहेत पुन्हा यायला. तिघेही. तेव्हा हॉल माझा."

वासंतीबाईंनी आपला फोन पुढे सरकवला. घारपुऱ्यांनी जाहिरातीत वासंतीबाईंचाच नंबर दिला होता, आणि त्यावर तेजस्विनीने संध्याकाळीच निरोप पाठवला होता. 'माळखोपी विशेष रुची सहली. राहण्याची व जेवणाची सोय. थेट आमच्याशी संपर्क साधा. पहिलं आरक्षण: द्वारकाताई, इंद्रजीत, स्वराली आणि मित्रमंडळी, एकूण चौदा.'

"तुम्ही उभे होतात ना, तेव्हा तिने सगळ्यांचे नंबर घेतले असणार," वासंतीबाई म्हणाल्या. "हुशार आहे हो पोरगी."

घारपुऱ्यांनी वरणभात कालवला. कालवतच राहिले. तेवढ्यात फोन वाजला. तेजस्विनीच होती. वासंतीबाईंनी स्पीकर लावला.

"काकू, काकांना जरा विचाराल का? स्वरालीने फोटो टाकलाय ना, तो सगळीकडे फिरतोय. पुढच्या रविवारी येणारी नवी लोकं विचारतायत, बांधावर उभे राहणारे काका बघायला मिळतील का? फक्त एक ते चार. जेवण आमच्याकडे!"

घारपुऱ्यांचा घास हातातच राहिला. वासंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हॉलमधल्या दिवाणाकडे पाहिलं, आणि फार मायेने फोनमध्ये म्हणाल्या,

"रविवारी येतील हो, नक्की येतील. पण माझा क्लास बुधवारी आणि शुक्रवारी असतो. त्या दोन दिवशीही तिकडे कुणाचा बांध अडला असेल तर बघा ना!"