पलंगाखालचे दोन पेशंट

जावईबापूंनी एकदा "ते माझ्यावर सोड" म्हटलं, की घरातली माणसं आधी काचेची भांडी उचलून ठेवतात. पण या वेळी बायकोचा नाइलाज होता. तिच्या आईने दोन महिने तोंडातून शब्द काढला नव्हता. हेड नर्स म्हणून तीस वर्षं वॉर्ड गाजवलेली बाई, स्मृतिभ्रंशामुळे दिवसभर खिडकीशी गप्प बसून असायची. "एकदा तरी तिचा आवाज ऐकू दे," एवढंच बायकोचं मागणं होतं. डॉक्टर म्हणाले, "शिकवलेला, शांत कुत्रा आणून बघा. जनावराशी कधीकधी माणूस बोलायला लागतं." पण अशा कुत्र्याची तारीख महिन्याने मिळत होती.

"महिना कशाला? शेजारचा पैलवान आहे की! अर्ध्या तासात शिकवतो त्याला."

(स्वतः जावईबापूंना वॉशिंग मशीन शिकायला चार वर्षं लागली होती, पण ते असो.)

पैलवान हा शेजाऱ्यांचा कुत्रा, अंगाने वासराएवढा, पण काळीज सशाचं. तो खोलीत आला आणि नेमकी सासूबाईंची काठी खाली पडली. गडी थेट पलंगाखाली! तिथून जे कुंई कुंई सुरू झालं, ते थांबेना.

"अहो, आई घाबरेल! काढा त्याला बाहेर."

"हा बघ, काढला!" म्हणत जावईबापू पोटावर सरपटत आत शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, पोट मात्र अडलं. आता पलंगाखाली दोघं कण्हू लागले.

"काय गोंधळ लावलाय वॉर्डात?"

खणखणीत आवाज, आणि तो सासूबाईंचा! त्या उठल्या, खाली वाकल्या. "घाबरायचं नाही. सुई टोचत नाहीये कुणी. चल, बाहेर ये." पैलवान मुकाट बाहेर आला. त्यांनी त्याचा पाय धरून नाडी पाहिली, कान पाहिले. "ताप नाही. नुसती भीती आहे."

बायकोला रडू आवरेना. "आई, बोललीस गं!"

"रडू नका, बाई. तुमचा पेशंट बरा होईल," म्हणत सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. लेक ओळखली नव्हती. पण आईचा हात पाठीवरून फिरत होता, आणि लेकीला आज तेवढं पुष्कळ होतं.

"आई, जरा मलाही बघा!" पलंगाखालून केविलवाणी हाक आली.

सासूबाईंनी बाहेर राहिलेल्या दोन पायांकडे पाहिलं. "हाही तुमचाच?"

"हो."

"कधीपासून असं?"

"लग्न झाल्यापासून."

"मग जुनाट आहे," सासूबाई म्हणाल्या. "औषधाचा उपयोग नाही. सवय करून घ्या."