लॅपटॉपाच्या कपाळीची अक्षत

श्री तापीमाई प्रसन्न. विनंती विशेष ऐसी जे, बऱ्हाणपूर शहरी राजश्री अरविंदराव यांचे घरी आश्विन शुद्ध एकादशीस जे तुंबळ जाहले, त्याचे वर्तमान लोक आपापले मगदुराप्रमाणे सांगतात. कोणी म्हणतात बोर्ड जळाला, कोणी म्हणतात घरी चोर शिरला, आणि जैनाबादेस तर नदी ओलांडता ओलांडता वार्ता ऐसी फुगली की अरविंदरावांनी लॅपटॉप शिजवून खाल्ला. याकरिता खरे किती आणि पदरचे किती, कोण लढले आणि कोण नुसतेच ओरडले, याची साद्यंत हकीकत कोणाची भीड न धरता लिहिली आहे. वाचणाराने पंखा लावून, चहा जवळ घेऊन स्वस्थचित्ते वाचावी.

राजश्री अरविंदराव हे कागद कारखान्याच्या स्टोअरखात्याचे माजी अंमलदार, हल्ली मुक्काम आरामखुर्ची. नोकरीत असता त्यांनी वाकडा खिळा सरळ ठोकून पाहिल्याखेरीज कधी नवा खिळा दिला नाही, आणि निवृत्तीउपरांत तोच दंडक घरास लावून दिला. घरातील पंखा, कुकर, इस्त्री यांजवर त्यांनी स्वहस्ते स्वाऱ्या केल्या होत्या. इस्त्री त्या स्वारीतून परतली नाही. तथापि खजिन्यास हात न लावता जिंकणे हीच खरी जीत, ऐसे त्यांचे मत कायम राहिले. त्यांच्या कुटुंब सौभाग्यवती विमलबाई या स्वयंपाकघर, देवघर व अरविंदराव या तिन्ही खात्यांच्या सर्वाधिकारी.

यांची कन्या चिरंजीव तेजस्विनी हिने केळीच्या खोडाचा धागा काढवून त्याच्या थैल्या विणविण्याचा कारखाना मांडिला होता. नक्षे हिने काढावे, आणि विणकाम फोपनार गावच्या सोजरबाई व त्यांच्या जोडीच्या बायांनी करावे, ऐसी व्यवस्था होती. नाशिकच्या वैजयंतीबाई, मोठ्या दुकानाच्या मालकीण, यांनी एकादशीस चार वाजता व्हिडिओवर नक्षे पाहण्याचे कबूल केले होते. आवडल्यास दिवाळीचे काम फोपनारास, न दिसल्यास संध्याकाळी दुसऱ्यास, ऐसा साफ जाबसाल होता. आणि सोजरबाईंनी त्या भरवशावर यंदा केळीच्या बागेत मजुरीस येणार नाही म्हणोन मालकास तोंडावर सांगून टाकिले होते. नक्षे सर्व एका लॅपटॉपात. दुसरीकडे नक्कल करून ठेव, ऐसे अरविंदरावांचे पुतणे मयूरपंत यांनी वारंवार बजाविले होते. ठेविली नव्हती.

आता खंडेनवमीस काय घडले ते लिहितो, कारण सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे. त्या दिवशी शस्त्रपूजेचा विधी. विळी, कात्री, शिलाईचे मशीन, स्कूटरचा पाना, मिक्सर, ऐसी सर्व शस्त्रे मांडिली, आणि अरविंदराव म्हणाले की या घरचे खरे शस्त्र लॅपटॉप, त्यासही पाट द्यावा. तो पाटावर मावेना, म्हणोन शेजारच्या स्टुलावर उघडून बसविला. मग अरविंदराव चष्मा सरसावून त्याचे कपाळ शोधू लागले. पडदा म्हणावा तर तो तोंड, कळफलक म्हणावा तर ते दात. अखेर कोपऱ्यात जे चालू करण्याचे वाटोळे बटण, तेच कपाळ ऐसा निर्णय देऊन त्यांनी त्यावर ओले गंध, त्यावर हळद, त्यावर कुंकू आणि त्यावर चिमूटभर अक्षता, जावयास लावावे तैसे अंगठ्याने दाबून लाविले. त्या दाबासरशी एक अक्षत बटणाच्या फटीत शिरली आणि गंधाचा गिलावा वर वाळून तिचा पक्का बुरूज जाहला. बटण जे एकदा आत गेले ते दबूनच राहिले. हे त्या समयी कोणासही ठाऊक नव्हते. अक्षतीस होते.

दसऱ्यास सोने वाटणे जाहले, आणि एकादशीच्या सकाळी तेजस्विनी लॅपटॉपापुढे बसली. तारेस जोडताच दिवा लागला, आतून पंखा गुरगुरला, आणि मग एकाएकी अंधार. पुन्हा जोडिला. पुन्हा दिवा, पुन्हा गुरगुर, पुन्हा अंधार. तिने जी हाक मारिली ती ऐकोन विमलबाईंच्या हातचे साबुदाण्याचे भगोणे खाली आले.

"बाबा! हा सुरूच नाही होऊन राह्यला!"

अरविंदराव आरामखुर्चीतून उठले. त्यांचे मुखावर तेज आले, कारण इस्त्रीनंतर पुष्कळ काळ कोणती मोहीम नव्हती. त्यांनी फर्मान काढिले की कोणी घाबरू नये, कोणी दुकानाचे नाव काढू नये, यंत्र घरीच आणि फुकट चालू होईल. मग त्यांनी बिस्किटांचा जुना डबा मागविला, ज्यात स्क्रू, वायसर, मेलेले चार्जर आणि कोणत्या कुलपाच्या ते कोणास माहीत नाही ऐशा चाव्या होत्या. पाठीवर थापटणे, बगलेतून फुंकणे, तार उलटी लावून सुलटी करणे, ऐसे सर्व हल्ले जाहले. लॅपटॉपाने दाद दिली नाही.

इतक्यात मयूरपंत कुमकेस पोहोचले. यांनी मोबाईलावर व्हिडिओ पाहून पाहून अर्धी विद्या संपादिली होती, उरलेली अर्धी आत्मविश्वासाने भरून काढीत. त्यांनी यंत्र हुंगले आणि निदान सांगितले.

"काका, नमी घुसली आहे. पक्कं. याला तांदळात गाडा, सब पाणी खेचून घेते."

तेव्हां स्वयंपाकघरातून हुकूम सुटला की, आज एकादशी आहे, आज या घरात तांदळाच्या डब्याचे झाकण उघडणार नाही, मग लॅपटॉप बुडो की तरो.

"मग काय करू, काकू?"

"भगर घे. उपासाला चालते."

सर्व दरबारास ही तोड पसंत पडली. भगरीचा मोठा डबा परातीत ओतून लॅपटॉपास त्यात गळ्यापर्यंत पुरिले, आणि अरविंदराव पहाऱ्यास बसले. चिलखत घातलेला सरदार दलदलीत रुतावा तैसे ते दृश्य दिसत होते. दुपार कलू लागली तेव्हां मयूरपंतांनी त्यास उपसून, उलटा धरून, कडाकडा झाडिला. भगर पाऊस पडावा तैसी पडली, आणि त्या झटापटीत वरच्या फळीतील एक शिपाई गारद जाहला, त्याची दाद त्या वेळी कोणी घेतली नाही. परातीतील भगर विमलबाईंनी तशीच डब्यात भरिली. यंत्र तारेस लाविले. दिवा, गुरगुर, अंधार. फरक इतकाच की आता हलविले असता खुळखुळाही वाजे.

मग तेजस्विनीने बापाकडे ऐसी दृष्टी टाकिली की अरविंदरावांनी आपले फर्मान स्वतःच मोडिले आणि कूच करण्याची आज्ञा दिली. मयूरपंत स्कूटरवर पुढे, अरविंदराव मागे, मध्ये टॉवेलात लपेटलेला लॅपटॉप, आणि स्कूटरच्या गळ्यात दसऱ्याची झेंडूची माळ, ऐसा लवाजमा शनवारा वेशीकडे निघाला. वाटेत मावा जलेबीच्या कढईपुढे मयूरपंतांची स्कूटर आपणहून हळू जाहली. अरविंदरावांनी मागून पाठीत बोट खुपसून मोर्चा पुढे हाकलिला, पण त्यांचीही मान कढईकडेच वळलेली होती, हे लिहिणे बखरीस प्राप्त आहे.

शनवाऱ्याजवळ इद्रीसभाई म्हणोन लॅपटॉपांचे जाणते हकीम बसतात. त्यांनी यंत्र हाती घेऊन उलटे केले, आणि टेबलावर भगरीची रास पडली.

"काका, इसमें तो मोरधन भरा है! उपवास किसका है, आपका कि इसका?"

इद्रीसभाईंनी यंत्र सुलटे करिताच त्यांची दृष्टी कपाळीच्या टिळ्यावर गेली, आणि त्यांनी हात मागे घेतला. "पूजा का तिलक है. इसको मैं नहीं छेड़ूँगा," ऐसे म्हणोन त्यांनी टिळा अलगद वाचवून बाकी सर्व तपासिले. मयूरपंतांनीही सकाळपासून तो टिळा वाचविला होता, आणि तेजस्विनीनेही. पूजेचे कुंकू बोटाने पुसावे, ऐसे कोणाचे मनात देखील आले नाही. याप्रकारे शत्रूच्या बुरुजास आमच्याच फौजेने राखण दिली.

इद्रीसभाईंनी मान हलवून निवाडा दिला की, खोलना पड़ेगा, बोर्ड इंदौर जाएगा, दिवाली के बाद देखते हैं. आणि खर्चाचा जो आकडा सांगितला तो ऐकोन अरविंदरावांनी दुकानातील स्टूल दोन्ही हातांनी धरिले. भले माणूस ते, पाहण्याचे काही घेतले नाही, उलट भगर पुडीत बांधून परत दिली.

फौज बंद लॅपटॉप व इंदोरची वार्ता घेऊन परतली, तो दारात सोजरबाई उभ्या. फोपनारहून जोडीच्या बायांस घेऊन, नमुन्याच्या थैल्या खांद्यास अडकवून, नव्या लुगड्यात, नाशिकच्या बाईंस तोंड दाखवावयास आल्या होत्या. तीन केव्हाच वाजून गेले होते.

"चालू झालं का वं माय ते?" सोजरबाईंनी पुसले.

तेजस्विनीने नाही म्हणोन मान हलविली.

"आता गं बाई. मी तं मालकाले तोंड वर करून सांगून आली, तुही केळी तूच तोड म्हणून." इतके बोलून सोजरबाई ओट्यावर बसल्या, आणि थैल्या मांडीवर घेऊन एकेकीची घडी घालू लागल्या. ते पाहोन अरविंदरावांस घरात जावे की रस्त्यात, ते सुचेना.

अशा समयी विमलबाई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या, आणि त्यांची नजर लॅपटॉपाच्या कोपऱ्यावर गेली.

"अहो, याची उत्तरपूजा कोणी केली?"

दसऱ्यास पाटावरील सर्व शस्त्रांची उत्तरपूजा होऊन ती कामास लागली होती. लॅपटॉप स्टुलावर होता, त्यास अरविंदरावांनीच जपून कपाटावर ठेविला, आणि त्याची उत्तरपूजा राहून गेली.

"देवाला अजून निरोपच नाही दिला, अन् चालले इंदोरला! बसलेला देव कसा हलेल?"

मयूरपंत म्हणाले, "काकू, ये हार्डवेअर का मामला आहे." विमलबाईंनी त्यांजकडे पाहिले. मयूरपंत म्हणाले, "म्हणजे, करून पाहायला हरकत नाही."

तत्काळ पाट आला, समई आली. अरविंदरावांनी हातपाय धुऊन, लॅपटॉपापुढे बसून, गंभीर स्वरे मंत्र आरंभिला, आणि अक्षतांची मूठ उचलून कपाळाचा नेम धरिला. "पुनरागमनाय च" म्हणोन मूठ सोडणार, तो विमलबाईंनी मनगट धरिले, आणि हुकूम केला की अक्षता दुरून, पाटावर, आणि आधी ते सुकलेले लेप पुसून काढू द्या, देवाने निरोप घेतला आहे. मग ओल्या फडक्याने त्यांनी टिळा भिजवून पुसला. कुंकू गेले, हळद गेली, गंधाची खपली उडाली, आणि फटीतून एक लाल शेपूट डोकावले.

"आई, थांब!" तेजस्विनी ओरडली. "बटण दबलेलंच आहे! तांदूळ आहे आत, तांदूळ!"

"एकादशीला?" विमलबाई म्हणाल्या.

विमलबाईंच्या अंबाड्यातील आकडा उपसला गेला. सर्वांची डोकी एकमेकांवर आदळली. आकडा वाकला, पुन्हा सरळ केला, अरविंदरावांस ते कसब होतेच, पुन्हा घातला. आणि टक् ऐसा आवाज होऊन ती अक्षत उसळली ती थेट अरविंदरावांच्या चष्म्याच्या काचेवर जाऊन चिकटली. बटण वर आले. तेजस्विनीने ते एकदा दाबून सोडले. दिवा लागला, पंखा गुरगुरला, सर्वांनी श्वास धरिला, आणि पडदा उजळला. फोपनारच्या बायांनी जो गलका केला त्याने शेजारचे दोन कुत्रे घर सोडून गेले. अरविंदराव भान हरपून पुन्हा "पुनरागमनाय च" म्हणो लागले.

"बाबा, नको! तिला परत बोलावू नका!"

चारच्या ठोक्यास वैजयंतीबाई पडद्यावर प्रकटल्या. नक्षे एकामागून एक मैदानात उतरले. बाईंनी विचारिले की, दिसायला सुंदर आहे, पण केळीचा धागा तो, वजन पेलेल काय? तेव्हां सोजरबाई पुढे सरल्या, विमलबाईंचा खलबत्ता उचलून थैलीत घातला आणि थैली डोक्याभोवती गरगरा फिरविली. मयूरपंत जमिनीवर आडवे जाहले म्हणोन वाचले. "अजून काई टाकू का, ताई?" सोजरबाईंनी पुसले. वैजयंतीबाई इतक्या हसल्या की पडदा हलला, आणि त्यांनी मान्य केले की दिवाळीपूर्वी जितक्या होतील तितक्या थैल्या फोपनारहून घेऊ. सोजरबाईंनी पदर तोंडास लाविला, मग काढिला, मग मांडीवर घडी घातलेल्या थैल्या एकेक उलगडून पुन्हा खांद्यास अडकविल्या.

ऐसी फत्ते जाहली. खजिन्यास धक्का लागला नाही. खर्ची पडला तो एक आकडा. पुढे तह ठरला की येत्या खंडेनवमीपासून लॅपटॉपास दुरून फूल दाखवावे, टिळा त्याच्या पिशवीस लावावा, आणि अरविंदरावांनी अंगठा आपल्याजवळ ठेवावा. संध्याकाळी विमलबाईंनी सर्वांस, फोपनारच्या बायांसुद्धा, त्याच डब्यातील भगर आणि दाण्याची आमटी वाढिली. जेवता जेवता अरविंदरावांचे दाताखाली काही कडक लागले. त्यांनी दोनदा चावून पाहिले, मग हळूच काढून पाहिले, तो वरच्या फळीतील तो गारद शिपाई, कळफलकाचे काळे चौकोनी बटण. त्यांनी ते खिशात घातले आणि शेजारी बसलेल्या मयूरपंतांस कानात आज्ञा केली की याचा बोभाटा बऱ्हाणपुरात न व्हावा. मयूरपंतांनी ती आज्ञा जैनाबादेस कळविली, आणि तेथून ती येथे लिहिण्यात आली आहे. लेखनसीमा.