मधूभाऊजींची पाठ

चिन्मय आणि रेवा,

परवा फोनवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात. बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहणं जमलं, टाचांवर रेलून वळणं जमलं, पण चवड्यांवर वळायला गेलं की तोंडावर आपटता. वर चिन्मय म्हणाला, "जाऊ दे आजी, तुला नाही कळणार." मला कळतं. पानशेतच्या धरणात हा प्रकार मी दोन उन्हाळे पाहिला आहे, तोही बोटीत बसून. म्हणून आज लिहायला घेतलं. नीट क्रमाने सांगते.

तुमचे मधूआजोबा, म्हणजे माझे मधूभाऊजी, तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ. भोरच्या तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांची ख्याती एकाच गोष्टीची होती: ते कोणालाही पाठ दाखवत नसत. आमच्याकडून निघाले की चहाचा कप खाली ठेवायचे, हात जोडायचे आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचे. आमच्या उंबऱ्याशी पाय बरोबर उचलत, इतरांकडे अडखळत. वाण्याच्या दुकानातून असेच निघताना एकदा बटाट्यांच्या पोत्यावर बसले. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "रिवाज आहे."

त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानात कारकून होते. राजेसाहेबांसमोरून उलट्या पावली निघायचे, तेच आपल्या रक्तात उतरलं आहे, असं ते सांगत. तुमचे आजोबा म्हणाले, "अरे, पणजोबा माझेही तेच. माझ्या रक्तात कसं नाही?"

"तुमच्याकडे पातळ झालं असेल," भाऊजी म्हणाले आणि उलटे चालत निघून गेले.

आता फळी. तुमचे बाबा परदेशातून पहिल्या सुट्टीत आले ते ही फळी घेऊन. पानशेतला तेव्हा वेगाच्या बोटी आल्या होत्या. बाबांनी चार दिवस हौस केली, मग कंबर धरून बसले आणि फळी आमच्या माळ्यावर गेली. भाऊजींनी ती मागून नेली. निवृत्त माणसाला काही तरी हवं असतं, असं आम्ही समजलो.

बोट चालवणारे रशीदभाई आमच्या भोरचेच. भाऊजी बनियन आणि खाकी अर्ध्या चड्डीत, पायांत ती पट्ट्यांची फळी, हातात दोरीची दांडी. सुमन, म्हणजे त्यांची बायको, आणि मी बोटीत. माझ्याकडे टॉवेल, छत्री आणि थर्मास. टाचांवर रेलून जायला भाऊजी लवकर शिकले, कारण त्यात तोंड बोटीकडे राहतं. पण चवड्यांवर भार दिला की छाती पलीकडे वळते, पाठ बोटीकडे येते आणि दांडी कमरेशी धरायची असते. तिथे भाऊजी मान वळवून बोटीकडे बघायला जात आणि पाण्यात जात.

"रावसायेब, तुमी पाठ फिरवत न्हाई, तवर फळी फिरायची न्हाई," रशीदभाई म्हणायचे.

"रिवाज आहे, रशीद."

"पाण्याला कुठं म्हाईत हाय तुमचा रिवाज?"

घरी सराव लई चाले (रशीदभाईंच्या संगतीने माझ्याही तोंडी हे बसलं). दोन लाटण्यांवर जेवणाचा पाट, खिडकीच्या गजाला दोरी, आणि भाऊजी चवड्यांवर डुलताहेत. सुमन पोळ्यांसाठी लाटणं मागायला येई तेव्हा ते पाटावरून उतरत, तेही तिच्याकडे तोंड करून.

दुसऱ्या उन्हाळ्यात सुमनने सगळ्यांसमोर एक अट घातली. "ज्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाठ करून बोटीमागची ती लाट ओलांडाल, त्या दिवशी माझं मी ठरवीन. मग मी सारोळ्याला बहिणीकडे एकटी जाणार. एसटीने." आम्ही हसलो. भाऊजी हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सुमन कधीच कुठे एकटी गेलेली मी पाहिली नव्हती.

त्या दिवशी ते काठावर पट्ट्या बांधत असताना मी सुमनला या रिवाजाचं विचारलं. सुमन म्हणाली, "रिवाज कसला, ताई. लग्नानंतर मला फिट यायच्या. एकदा हे दार उघडायला वळले आणि मी शेगडीवर पडले." तिने मनगटावरचा डाग दाखवला. "तेव्हापासून पाठ नाही. बायकोवर नजर ठेवतात हे लोकांना दिसू नये, म्हणून सगळ्या गावालाच पाठ दाखवायचं सोडलं. आता किती वर्षं झाली, एकही फिट नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्यासुद्धा बंद केल्या. मी बरी झाले, ताई. हे अजून झाले नाहीत."

बोट सुटली. भाऊजी पाण्यातून उठले, टाचांवर एक फेरी झाली. सुमनने तोंडाशी हात धरून सांगितलं, "अहो, फिरवा पाठ. मी इथेच आहे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग गुडघे वाकवले, दांडी कमरेशी आणली आणि वळले. बोटीमागची लाट त्यांनी चवड्यांवरून घेतली, वीतभर हवेत गेले, पलीकडे टेकले, आणि पुढच्या क्षणी धाडकन पडले. वर आल्या आल्या डोळे बोटीकडे. सुमन शेंगा सोलत होती.

"पाहिली बरं का पाठ," ती म्हणाली. "बनियन फाटलंय."

भाऊजी पाण्यावर उताणे पडून राहिले.

"चढा की वर, रावसायेब."

"थांब जरा, रशीद. बरं वाटतंय."

त्या सोमवारी सुमन एसटीत बसली. मी स्टँडवर होते. गाडी हलली तशी भाऊजींनी तिच्याकडे पाठ केली आणि सरळ चालायला लागले. तेही चवड्यांवर, टाचा टेकत नव्हत्या. थेट एसटीडी बूथपर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. दुपारी सारोळ्याहून फोन आला. सुमन म्हणाली, पोचले, जेवले, आता झोपते.

तेव्हा तुम्हीही मागे बघू नका. बोट कुठे जात नाही.

फळी अजून आहे, भाऊजींच्या ओसरीवर, आता पायमोजे वाळत घालायला. सुमन महिन्यातून एकदा सारोळ्याला जाऊन येते. भाऊजी दुकानांतून सगळ्यांसारखे सरळ बाहेर पडतात. स्वयंपाकघरातून मात्र अजून उलट्या पावलांनीच येतात.