मार्तंडराव असमर्थ आहेत

पत्नी सुनीतीबाई वारल्याचं सावेडीतल्या कॉलनीत कळलं, त्याच दिवशी दारात जमलेल्या माणसांना मार्तंडरावांनी सांगून टाकलं, की आपलं काही अडणार नाही. एवढं ऑफिस सांभाळलं, तिथं घर ते काय! आणि खरोखरच ते स्वतः चहा करत, वरणभात शिजवत. त्यातलं वरण कोणतं आणि भात कोणता, हे चव घेतल्यावर कळायचं, एवढंच.

मग कॉलनीची सहल निघाली. कोण कोण येणार, असं शेजारच्या सुहासनी ग्रुपवर विचारलं. मार्तंडरावांनी लिहिलं, 'मी असमर्थ आहे.'

सरकारी खात्यात त्यांची हयात या शब्दावर गेली होती. 'हे कार्यालय असमर्थ आहे' असं लिहिलं, की फाइल बंद. कार्यालयाचे हातपाय गेले का, असं कधी कुणी विचारलं नाही. घरीही तेच. गॅलरीत कपड्यांसाठी दोरी बांधून द्या, असं सुनीतीबाई सारख्या म्हणायच्या आणि हे म्हणायचे, "सध्या असमर्थ आहे."

"असमर्थ म्हणजे येत नाही, की करायचं नाही?" त्या विचारायच्या. हे पेपर तोंडासमोर धरायचे.

कॉलनीनं मात्र शब्दाचा अर्थ घेतला. सुहासनी बायकोला सांगितलं, मार्तंडराव असमर्थ झालेत. बायकोनं दूधवाल्या सहादेवला सांगितलं, त्यांना उठवतसुद्धा नाही. सहादेवनं पुढच्या गल्लीत दूध घालता घालता कळवलं, "सायबांच्या अंगावरनं वारं गेलं. लई वंगाळ झालं." तोवर सुहासनी पुण्याला त्यांच्या लेकीला, भार्गवीला फोनही केला होता.

दुपारची झोप मोडून मार्तंडरावांनी दार उघडलं, तर दारात ही गर्दी. कुणाच्या हातात मालिशचं तेल, कुणाच्या हातात पेज. सुहासनी रिक्षातून मधोमध भोक असलेली खुर्ची आणलेली. आणि सगळ्यांच्या पुढं भार्गवी, रिकामी बॅग घेऊन.

"धरा, धरा, चालतायत ते," सुहास म्हणाले.

भार्गवी म्हणाली, "बाबा, घराला कुलूप लावू. आता माझ्याकडं राहायचं."

मार्तंडराव दार अडवून उभे राहिले. सुनीतीबाईंच्या मागं त्यांच्याजवळ हे घरच उरलं होतं. त्यांनी शब्दाचा सरकारी अर्थ समजावून सांगितला. भार्गवीनं सगळं ऐकून घेतलं आणि हुबेहूब आईसारखं विचारलं, "असमर्थ म्हणजे येत नाही, की करायचं नाही?"

"करायचं नाही," मार्तंडराव म्हणाले आणि पुराव्यादाखल सुनीतीबाईंनी आणून ठेवलेली कोरी दोरी पिशवीतून काढून गॅलरीतल्या स्टुलावर चढले. एक पाय सुहासनी धरला, एक सहादेवनं. दोरी हुकातून गेली, गाठ बसली, ओढली तर सगळी हातात आली. पुन्हा बांधली, पुन्हा आली. पुढच्या खेपेला गाठ पक्की बसली, पण आत त्यांचं बोट होतं.

"सायेब, मी बांदू का? रोज म्हशी बांदतो," सहादेव म्हणाला.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. गाठीतून बोट सोडवून घेतलं. आपल्याला करायचं नाही, असंच ते इतकी वर्षं समजत होते.

"येत नाही," ते स्टुलावरूनच म्हणाले.

भार्गवीनं बॅग उचलली. "मग शिका. रविवारी बघायला येते."

ती एकटीच परत गेली. खुर्ची राहू द्या, पुढं लागेल, असं सुहास म्हणाले. मार्तंडरावांचे कपडे सध्या त्या खुर्चीवर वाळतात. दोरी बांधायची राहिली आहे.