बुके फेकायचा की नाही

आमच्या धाकटीने स्वतःच्या लग्नात बुके फेकायचं ठरवलं आणि मी "असू दे" म्हणालो. दोनच शब्द. एरवी मी तेवढेही वाया घालवत नाही.

पद्धत मला माहीत नव्हती. नवरीने पाठमोरं उभं राहून बुके डोक्यावरून मागे फेकायचा. मागे बिनलग्नाच्या मुली. जी झेलेल तिचं लग्न पुढचं. हे कळलं तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. बिनलग्नाच्या मुलींत आमची थोरलीही आली. वय चौतीस. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिने विशीतल्या पोरींत उभं राहायचं आणि पाहुण्यांनी दात काढायचे. त्यात आमच्या वहिनींच्या जिभेला हाड नाही.

"हे रद्द," मी म्हणालो. "फुलं काय फेकायची वस्तू आहे?"

"बाबा, तुम्ही हो म्हणालात ना! आणि कल्पना ताईचीच आहे."

थोरली ताटात बघत म्हणाली, "राहू द्या ना बाबा. गंमत असते."

पोर मन मारून बहिणीची हौस पुरवत होती. मी ओळखलं. (मला माणसं लगेच कळतात, असा तेव्हा माझा समज होता.)

पुढचे पंधरा दिवस डोक्यात तोच बुके. मी गवंडी आहे. एका बंगल्याचं कंपाउंड बांधत होतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी भिंत ओळंबा सोडून तिरकी गेली. मालकाला म्हणालो, जमीन वाकडी आहे.

लग्नाच्या दिवशी बायकोला बाजूला घेतलं.

"त्या वेळी थोरलीला कुठल्यातरी कामाला लाव."

"कसल्या कामाला?"

"खुर्च्या मोजायला."

"अहो, त्यातल्या एका खुर्चीत तुम्ही गप बसा."

माइकवाल्याने मुलींना बोलावलं. मी उठून थोरलीला गाठलं.

"तुला आई बोलावतेय."

"आई तुमच्या मागेच उभी आहे, बाबा."

होती. डोळे वटारून.

तेवढ्यात वहिनी ओरडल्या, "थोरले, पुढे हो गं! अजून पुढे!" झालं. मी मुकाट्याने थोरलीच्या मागे जाऊन भिंतीसारखा उभा राहिलो. आता कुणी एक शब्द जरी काढला असता तरी त्याची खैर नव्हती.

एक, दोन, तीन. बुके उडाला आणि सरळ थोरलीकडे आला.

आता माझं ऐका. खालून फेकलेल्या विटा परांचीवर उभं राहून झेलण्यात माझा जन्म गेला. वीट दिसली की हात जातो, मला विचारत नाही. (विचार करत बसलेल्या गवंड्यांचे दात गेलेत.) माझा हात थोरलीच्या डोक्यावरून गेला, बुके वरच्या वर धरला, आणि सवयीने खणखणीत आवाजात तोंडातून निघालं, "हं, येऊ दे अजून!"

हॉलमध्ये हसण्याचा गदारोळ झाला. माइकवाला म्हणाला, "अभिनंदन, आजोबा! मुलगी बघायला लागा!" बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

मी थोरलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी. 

"कोण काय बोललं तुला? दाखव मला."

"बाबा, तो माझा होता."

"कोण?"

"बुके! धाकटी आठवडाभर गच्चीत प्रॅक्टिस करत होती, बरोबर माझ्याच हातात पडावा म्हणून. मग सगळे विचारणार होते, आता तुझं कधी? आणि मी सांगणार होते."

"काय सांगणार होतीस?"

तिने हॉलच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहिलं. तिथे एक उंच माणूस उभा होता. कोट नवा, चेहरा घामाने डबडबलेला. शाळेत गणित शिकवतो म्हणे.

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"तुमच्यासमोर एकटीने उभं राहायची हिंमत होत नाही, बाबा. इथे चारशे माणसांत तुम्ही ओरडला नसता."

हे लागलं. मी हातातल्या बुकेकडे पाहिलं. देठं पार चेंगरली होती. तसाच तो तिच्या हातात ठेवला. ती डोळे पुसत हसली. खांबाजवळचा माणूस दोन पावलं पुढे आला, माझ्याकडे बघून एक पाऊल मागे गेला.

बायको आणि वहिनी शेजारी येऊन उभ्या होत्या. दोघींच्या चेहऱ्यांवरून कळलं, यांना सगळं ठाऊक होतं. पण घरचा कर्ता मी आहे. कुणाला काय ठाऊक असेना, शेवटचा शब्द माझा. मी घसा खाकरला.

"विचार करून सांगतो."

"करा की, सावकाश करा," बायको म्हणाली. "पुढच्या महिन्यात अठरा तारखेला हाच हॉल बुक केलाय. त्याच्या आत सांगितलंत म्हणजे झालं."