रायाजीचा जबाब

दुर्गेश्वरी बिसेनने सकाळी गॅसवर भात चढवला, मोबाइल तिखटमिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि भ्रष्टाचार उघडकीला आणला.

भ्रष्टाचार अडीचशे वर्षांपूर्वीचा होता. कामठ्याच्या पुढच्या एका गावात राहणाऱ्या दुर्गेश्वरीची शाळा लग्नामुळे सुटली होती. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. अभ्यासाला एक ऐतिहासिक कादंबरी होती. भोसल्यांच्या फौजेतला रायाजी नावाचा शिपाई लढाया मारता मारता छावणीच्या धान्यकोठीवर पोचतो आणि शेतकऱ्यांना लुबाडणाऱ्या कोठीवाल्याला पकडतो, अशी तिची गोष्ट. दुर्गेश्वरीने ती तीनदा वाचली होती. रायाजी जखमी होतो ते पान तर तिने धानाच्या रोवणीला आलेल्या बायांनाही बांधावर वाचून दाखवलं होतं.

रविवारच्या वर्गात सरांनी सांगितलं, "रायाजीचा जबाब लिहून आणा. तुम्हीच रायाजी आहात असं समजा आणि आपल्या भाषेत बोला."

आधी बोलायचं, मग लिहायचं, ही तिची पद्धत. बोललेलं ती मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गातल्या कुडव्याच्या रीनाला पाठवायची, रीना चुका काढायची. म्हणून त्या सकाळी तिने छाती पुढे काढली आणि झारा उगारून सुरुवात केली.

"ऐका जी समदे! कोठीवर आपल्या धानाची लूट होऊन राहिली! काट्याले मेण लावलं आहे. दरेक पोत्यामागं धान जास्त घेऊन राहिले. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. पुरावा माह्याजवळ आहे, आज समद्यांसमोर काढतो. मराले भेत नाही मी!"

यापुढे घोडा, तलवार आणि भोसले येणार होते. पण तेवढ्यात भात उतू गेला. तिने घाईत बटण दाबलं आणि गॅसकडे धावली. संदेश रीनाऐवजी यादीत तिच्या नावाच्या वर असलेल्या 'धान खरेदी शेतकरी' या ग्रुपवर गेला. सातबाऱ्यावर तिचंही नाव असल्यामुळे ती त्या ग्रुपवर होती. आणि आपल्या भागात बायासुद्धा 'काढतो', 'येतो' असंच बोलतात, त्यामुळे बोलणारा शिपाई आहे अशी शंका कोणालाच आली नाही.

भात उतरवून ती अंगणात आली, तर दारात यादोराव उभे. गावातले सगळ्यात वयस्क शेतकरी. त्यांच्या मागे पंधरा-वीस माणसं.

"बाई, तू बोलली ते बेस केलं," यादोराव म्हणाले. "आमाले शंका होती, पण तोंड उघडाची हिंमत कोणात नव्हती. काढ पुरावा."

"कायचा पुरावा जी?"

कोणीतरी मोबाइल पुढे केला. त्यातून दुर्गेश्वरीचाच आवाज आला. "अवं बाप्पा! हे त कादंबरीतलं होय!" ती म्हणायला गेली, तोच तिचा नवरा कुंजीलाल चहाच्या टपरीवरून धापा टाकत आला.

"माही बाई होय ते!" तो गर्दीला सांगत होता, जणू कोणाला ठाऊकच नव्हतं. मग तिच्या कानाशी लागून म्हणाला, "तू भेऊ नको. मी हाओ."

"अहो, ऐका त..."

"काऊन भेऊन राहिली? समदं गाव संग आहे!"

पुरावा नाही हे कळलं तर गाव हसेल, नवऱ्याची मान खाली जाईल आणि बी.ए.ला कायमचं कुलूप लागेल, हे तिला लख्ख दिसत होतं. इतक्यात एक मोटरसायकल थेट अंगणात शिरली. गावाचं धान घेणाऱ्या सरकारी खरेदी केंद्रावर काटा सांभाळणारा गोवर्धन त्यावरून उतरला. संदेश त्यालाही पोचला होता. घामाने निथळत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, बात को समझो! बदनामी आहे ही! काट्याले मेण लावलं म्हणता? झूठ! एकदम झूठ! इलेक्ट्रॉनिक काट्याले मेण कोण लावते? त्याच्या खाली त लाकडाची पाचर..."

शेजारची कोंबडीसुद्धा दाणे टिपायची थांबली.

"पाचर?" यादोरावांनी हळूच विचारलं.

गोवर्धनने तोंड मिटलं, पण आता उशीर झाला होता. सगळा गाव केंद्रावर गेला. काटा उचलला. खाली गुळगुळीत झालेली लाकडी पाचर निघाली. तिच्यामुळे काटा वजन कमी दाखवायचा, आणि आकडा भरेपर्यंत पोत्यात शेतकऱ्याचं धान पडत राहायचं. त्याच आठवड्यात गोवर्धनची नोकरी गेली, नवा काटा आला.

गावाने दुर्गेश्वरीचा सत्कार ठरवला. आदल्या दिवशी तिने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. कुंजीलालने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "कोणाले सांगू नको. मी नवा शर्ट शिवला आहे."

पण व्यासपीठावर सरपंचांच्या हातून शालश्रीफळ घेतल्यावर तिला ती शाल जड वाटू लागली. तिने माइक हातात घेतला.

"मले पाचरीचं काही मालूम नव्हतं जी," ती म्हणाली. "मी परीक्षेचा अभ्यास करून राहिलो होतो. ते बोलणं पुस्तकातल्या शिपायाचं होतं. चुकीनं तुमच्याकडं आलं. मी तुमाले खोटं सांगून शाल घेणार नाही."

कुंजीलाल नव्या शर्टाचं बटण चाचपत खाली बघत होता. मग यादोराव काठी टेकून उठले.

"बाई, शाल राहू दे अंगावर," ते म्हणाले. "फक्त येक सांग. आपल्या पांदण रस्त्याचा मुरूम कुठं गेला, यावर येखादं पुस्तक आहे का?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. सरपंच मात्र हसले नाहीत. त्यांना अचानक महत्त्वाचा फोन आला आणि ते व्यासपीठाच्या मागच्या बाजूने उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतांकडे जाणाऱ्या त्या पांदण रस्त्यावर मुरमाचे तीन टिप्पर रिकामे झाले. नवा शर्ट घालून कुंजीलाल तिथे हजर होता. तो प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून सांगत होता, "आन हे त फक्त पहिलं वर्ष होय. बी.ए. तीन वर्षाचं असते!"