परीक्षक चिकटले

परीक्षकाने क्यू हातात घ्यायचा, नीट बघायचा आणि खाली ठेवायचा, एवढंच काम होतं. मास्तरांनी पहिल्या दोन गोष्टी व्यवस्थित केल्या. तिसरी मात्र काही केल्या जमेना, कारण त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा क्यूला चिकटला होता.

पूल खेळायच्या क्लबाच्या मागच्या खोलीत हाताने बनवलेल्या क्यूंची, म्हणजे चेंडू ढकलायच्या लाकडी काठ्यांची, स्पर्धा होती. लांब टेबलावर क्यू ओळीने मांडलेले, बनवणाऱ्याचं नाव झाकून प्रत्येकाला नुसता नंबर लावलेला. बघायचं होतं ते व्हिनियरचं काम. क्यूच्या जाड बुंध्यात काळ्या लाकडाची भाल्यासारखी टोकं बसवतात आणि प्रत्येक टोकाच्या कडेने व्हिनियरच्या, म्हणजे कागदाएवढ्या पातळ रंगीत लाकडाच्या पट्ट्या एकीला एक लागून जातात. सगळी टोकं एका उंचीवर संपायला हवीत, पट्ट्या टोकाशी सुईसारख्या मिटायला हव्यात, आणि सांध्यात परीक्षकाचं नख गेलं की गुण गेले. मास्तरांचं नख त्या बाबतीत चांगलंच बदनाम होतं.

पण मास्तर दरवर्षी या कामाला हो म्हणायचे ते काही गुण कापायच्या हौसेने नव्हे. त्यांना धाकट्या भावाची फार आठवण यायची. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच बाकावर क्यू बनवले होते. छोटू टोकं बसवायचा, आणि तो जेवायला गेला की मास्तर गुपचूप ती सरळ करायचे. मायेनेच करायचे, पण करायचेच. एक दिवस छोटू चष्मा विसरला म्हणून परत फिरला, तर दादा त्याच्याच टोकांवर कानस फिरवतोय. "मग माझी गरज काय इथे?" एवढंच म्हणून तो गेला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान टाकून बसला. त्यानंतर येणं नाही, जाणं नाही, साधा फोन नाही. बाकाची त्याची बाजू मास्तर अजून रिकामी ठेवत. दरवर्षी त्यांना वाटे, यंदा तरी तो स्पर्धेला क्यू पाठवेल. तो स्वतः नाही तर नाही, त्याच्या हातचं काम तरी बघायला मिळेल.

आणि यंदा सात नंबरचा क्यू हातात घेतला तसा त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. हिरव्या पट्टीला लागून काळी, आणि काळीच्या आत पांढरी. ही मांडणी छोटूचीच! दुसरं कोणी पांढरी आत घालायला धजावणार नाही. मास्तरांनी क्यू उगाचच दोनदा फिरवून पाहिला. मग सवयीने नख फिरवलं, आणि नख एका सांध्यात अडकलं.

"अरे छोट्या, छोट्या," ते पुटपुटले, "इथेच घाई केलीस बघ."

फट होती केसाएवढी, पण दुसऱ्या परीक्षक पॉलिशवाल्या ताई. त्यांच्या नजरेतून ती सुटणं शक्य नव्हतं. त्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एकेक क्यू दिव्याखाली तिरपा धरून बघण्यात गुंग होत्या. मास्तरांच्या खिशात झटपट चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब होती. तीस वर्षांची सवय. भुसा तर खिशाच्या शिवणीत भरलेलाच. एक थेंब, चिमूटभर भुसा, वरून अंगठा दाबायचा आणि वेळेवर उचलायचा. हे काम त्यांनी झोपेतसुद्धा केलं असतं. थेंब पडला, भुसा बसला, अंगठा दाबला.

"मास्तर, जरा इकडे या बरं!" ताईंनी हाक मारली.

मास्तर दचकले आणि अंगठा उचलायच्या ऐवजी त्यांनी तो आणखी दाबला.

"हा सात नंबर कशाला घेऊन आलात?" ताईंनी विचारलं.

"तुलनेला बरा पडतो."

मग काय, तुलना सुरू झाली. आठ, नऊ, दहा, सगळे क्यू मास्तरांनी डाव्या हाताने तपासले आणि उजव्या हातातला सात नंबर भालदारासारखा बरोबर फिरत राहिला. चहा आला तोही डाव्या हातानेच प्यायले. शर्टावर सांडला. अकरा नंबरपाशी तर त्यांचा संयमच सुटला.

"टोकं खालीवर. पट्ट्या टोकाशी जाड. घाईचं काम आहे हे, लिहा पाच."

"वीसपैकी?"

"पाचसुद्धा दयेपोटी."

इतक्यात क्लबाचे मालक आले. "झालं ना? चला, सगळे क्यू खाली ठेवा, फोटो काढायचाय."

"माझ्या हातात राहू दे," मास्तर म्हणाले. "काही जड नाही."

"अहो, पण असं एकालाच कवटाळून बसलात तर लोक काय म्हणतील?" असं म्हणत ताईंनी क्यूचं दुसरं टोक धरून ओढलं. क्यूबरोबर मास्तरही आले.

"आई गं!"

ताईंनी वाकून पाहिलं. मग हुंगलं. "डिंक! मास्तर, परीक्षकाने दुरुस्त्या करायच्या असतात का?"

"बारीकशी फट होती हो."

"नऊ नंबरमध्ये नव्हती? त्याचे तर तीन गुण कापलेत तुम्ही."

"नऊ नंबर माझा भाऊ नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी क्यू छातीशी धरला.

ताईंनाही पुढे रागावता येईना. मालक धावत जाऊन नेलपेंट काढायचं औषध घेऊन आले, तशा त्या ओरडल्या, "खबरदार! सगळं पॉलिश उतरेल."

"मग अंगठा?"

"अंगठ्याचं काही म्हणणं नाही," मास्तर घाईने म्हणाले. "क्यूला धक्का लागता कामा नये."

शेवटी मालकांनी बाहेरच्या हॉलमध्ये, जिथे स्पर्धक निकालाची वाट बघत बसले होते, तिथे जाऊन विचारलं, की पॉलिश न दुखवता डिंक कोणाला सोडवता येतो? एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ उठला आणि आत आला. मास्तर बघतच राहिले. टक्कल नवीन होतं. चाल तीच होती.

छोटूने वाटीत कोमट तेल मागवलं, व्हिनियरचा एक तुकडा घेतला आणि स्टूल ओढून तो अंगठ्याच्या कडेने थेंब थेंब तेल सोडायला लागला.

"हलू नकोस, दादा."

"नाही हलत." मास्तर क्यूकडे बघत म्हणाले, "तुझा क्यू सुरेख झालाय रे. फक्त एक फट—"

"माझा? हा माझा नाही."

"हा दाताच्या डॉक्टरांचा," मालक म्हणाले.

दारातून डोकावणारे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "फटी आम्हीही बुजवतो. पण बोट काढून घेतो."

"सातला गुण मी एकटी देते, फटीसकट," ताईंनी जाहीर केलं आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं.

दोघंच उरले. मास्तरांनी घाबरत विचारलं, "मग तुझा कुठला?"

"अकरा."

मास्तरांनी टेबलावरच्या अकरा नंबरकडे पाहिलं.

"किती दिलेस?"

"पाच."

"दहापैकी?"

"वीस."

छोटूचा हात थांबला. मास्तर गडबडीने बोलायला लागले, "अरे, टोकं खालीवर होती, पट्ट्या जाड होत्या, मला काय ठाऊक तो तुझा..."

"आणि तू ती तशीच ठेवलीस? हात नाही लावलास?"

"लावणार कुठून? हात इथे अडकलेला."

छोटू हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "जन्मात पहिल्यांदा माझं काम होतं तसं ठेवलंस. शेवटून पहिला येईन, पण माझा मी येईन."

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले. "बाक फार मोठं वाटतं रे एकट्याला."

छोटू चष्मा परत लावून वाटीकडे वळला. पुन्हा तेल सोडायला लागला. थोड्या वेळाने मास्तरांना अंगठ्याखाली तेल सरकल्यासारखं वाटलं. कातडी हळूच सुटली. अंगठा मोकळा झाला होता. त्यांनी तो आहे तिथेच ठेवला.

"सुटला का?" छोटूने विचारलं.

"नाही बुवा."

छोटूने वाकून पाहिलं. अंगठा आणि क्यू यांच्यामधून पलीकडचा उजेड आरपार दिसत होता.

"हो ना," तो म्हणाला आणि स्टूल आणखी जवळ ओढून बसला. "हा डिंक फार चिवट. बराच वेळ लागणार."